पाळी चुकल्यावर उशीर झालेला असतो: रोजचं प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

कुटुंबवैद्य आणि मधुमेह, थायरॉइड, फिट्स, रक्तदाब, त्वचा, सांधे यांवर उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

स.न.वि.वि.

आम्ही प्रसूतिपूर्व तपासणी विभागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक. आमच्यासमोर बाई येऊन बसते तेव्हा तिच्या पर्समध्ये बहुतेक वेळा तुमचं प्रिस्क्रिप्शन असतं. आमची तिच्याशी पहिली भेट असते, तुमची तिच्याशी ओळख कित्येक वर्षांची. आईपणाची तयारी ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जबाबदारी असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात ती तुमच्या खोलीत होऊ शकते, आमच्या नाही. का ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी दिवसांचा हिशेब. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. २८ दिवसांचं चक्र असेल तर गर्भधारणा १४व्या दिवसाच्या आसपास होते, म्हणजे कागदावरचे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच. पाळी चुकते त्या दिवशी चार आठवडे भरलेले असतात. मग थोडी वाट पाहणं, घरी टेस्ट, अपॉइंटमेंट. आमच्यापर्यंत पोचेतो आठवा आठवडा उजाडतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या सुमारास बंद होते, म्हणजे आमच्या मोजणीत सहा आठवडे होता होता. हृदय त्याच्याही आधी धडधडू लागतं. आठव्या आठवड्यात आम्ही फोलिक ॲसिड लिहून देतो, पण ज्या कामासाठी ते मुख्यतः द्यायचं ते काम दोन आठवड्यांपूर्वीच उरकलेलं असतं.

म्हणून मागणी एवढीच: मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला, ती कुठल्याही तक्रारीसाठी आलेली असो, वर्षातून एकदा विचारा, ‘येत्या वर्षभरात मूल व्हावं असा विचार आहे का?’ हा प्रश्न एकांतात विचारायचा, सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना नाही. ‘गुड न्यूज कधी?’ या थाटात तर नाहीच, ते काम नातेवाईक पुरेसं करतात. उत्तरं तीन येतात. ‘नाही’ असेल तर संततिनियमन काय चालू आहे ते विचारा. ‘हो’ असेल तर पुढचं सगळं पत्र तिच्यासाठी. तिसरं उत्तर, ‘झालं तर झालं’, सगळ्यात जास्त निसटतं. औषधं आणि फोलिक ॲसिड यांच्या बाबतीत ते ‘हो’च समजा.

‘हो’ म्हणणाऱ्या बाईला त्याच दिवशी संततिनियमन बंद करायला सांगू नका. आधी औषधं बदलू द्या, तपासण्या आणि लसी होऊ द्या, मग बंद करा. तांबी काढली किंवा गोळ्या थांबवल्या की पुढच्याच चक्रात दिवस राहू शकतात. गोळ्यांचं ‘शरीर शुद्ध व्हायला’ महिने थांबावं लागतं ही समजूत खोटी आहे. अपवाद तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा. शेवटच्या डोसनंतर गर्भधारणेला सरासरी नऊ-दहा महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवं असणाऱ्या बाईला पुढचा डोस देण्याआधी हे सांगायलाच हवं.

आता औषधं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि दोन्ही बाजूंनी होतो. कुणी न विचारल्यामुळे घातक औषध चालू राहतं, नाहीतर टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्या धसक्याने बाई सगळ्या गोळ्या एका रात्रीत बंद करते.

व्हॅल्प्रोएट घ्या. ते घेणाऱ्या आईच्या साधारण दहांपैकी एका बाळाला जन्मजात व्यंग असतं आणि दहांपैकी तीन-चार मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात. डोस वाढेल तसा धोका वाढतो. हे औषध मनःस्थितीतल्या चढउतारांसाठी आणि मायग्रेनसाठीही दिलं जातं, तेव्हा फक्त फिट्सच्या रुग्णांवर नजर ठेवून भागत नाही. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटाम चालेल का हे मेंदूविकारतज्ज्ञाने ठरवायचं. बदलायला आठवडे, कधी महिने लागतात आणि नव्या गोळीवर फिट्स खरंच थांबल्या आहेत हे पाहायला आणखी काही महिने. औषध एकदम तोडणं ही वेगळीच आपत्ती: लागोपाठच्या फिट्समध्ये आई दगावू शकते.

त्यातला एक बारकावा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लॅमोट्रिजिन घेणारी बाई इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही घेत असेल, तर ते इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी दाबून ठेवतं. मूल हवं म्हणून गोळ्या थांबल्या की लॅमोट्रिजिनची पातळी वर चढते: चक्कर, तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं. पुढे दिवस गेले की हीच पातळी पुन्हा घसरते आणि आटोक्यातल्या फिट्स परत येतात. दोन्ही वेळा डोस पाहावा लागतो. गोळ्या थांबवायचा सल्ला एकाचा आणि फिट्सचं औषध दुसऱ्याचं असेल तर मध्ये कुणीतरी फोन केला पाहिजे.

रक्तदाबाच्या औषधांत नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आहे का पाहा. दिवस भरत जातील तशी ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, गर्भजल आटतं. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येतं. कोलेस्टेरॉलसाठीचं स्टॅटिन बहुतेकींना या काळात थांबवता येतं.

मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन गर्भधारणेआधी किमान एक महिना बंद हवं. सोरायसिससाठीचं ॲसिट्रेटिन मात्र तीन वर्षं. ॲसिट्रेटिन घेताना मद्य घेतलं तर शरीरात या औषधाचं असं रूप तयार होतं जे चरबीत फार काळ मुक्काम करतं. आमचं स्पष्ट मत: जिला पुढे कधीतरी मूल हवं असण्याची शक्यता आहे तिला ते लिहूच नये. मेथोट्रेक्सेट १ ते ३ महिने आधी थांबवतात. लेफ्लुनोमाइड शरीरातून आपसूक जायला खूप काळ लागतो, म्हणून कोलेस्टिरामाइन देऊन ते धुऊन काढावं लागतं. याउलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवायचं. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असलेल्या बाईने ते घाबरून सोडलं तर आजार उफाळतो आणि त्याचा फटका गर्भालाही बसतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचंही तसंच. त्या ‘जपून’ म्हणून परस्पर बंद करणं हे जपणं नव्हे.

वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं हा अलीकडचा प्रश्न. सेमाग्लुटाइड गर्भधारणेआधी किमान दोन महिने बंद करायला सांगतात. पाळी अनियमित असलेल्या बाईचं वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी बीज पुन्हा सुटू लागतं. ‘मला दिवस राहतच नाहीत’ म्हणून निर्धास्त असलेल्या बाईला इंजेक्शन चालू असतानाच दिवस जातात ते यामुळे.

आणि ज्या औषधांच्या बाटलीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नसतं, ती सगळीच बंद. त्यांच्यातली काही शिसं आणि पारा बाळगून असतात.

थायरॉइडबद्दल थोडं सविस्तर, कारण सोपं असूनही चुकतं. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड कमी असल्यावरची गोळी) घेणाऱ्या बाईचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन, गर्भधारणेआधी २.५ च्या खाली आणावा. तिला आजच लिहून द्या: टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, आणि मग आमच्याकडे. भेट मिळेपर्यंत थांबू नये, कारण सुरुवातीला बाळ पूर्णपणे आईच्या हार्मोनवर अवलंबून असतं. गोळी सकाळी उपाशीपोटी, लोह आणि कॅल्शियम यांच्यापासून चार तास दूर. या वेळीच तिला लोहाच्या गोळ्या नव्याने सुरू होतात, ती सगळ्या गोळ्या एकत्र गिळते आणि टीएसएच का वाढला याचं कोडं सगळ्यांना पडतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद हव्यात. कित्येक प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. थायरॉइड जास्त असलेल्यांना कार्बिमाझोलऐवजी प्रोपिलथायोयुरासिल द्यायचं का ते आधीच ठरवा आणि किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर सहा महिने थांबवा.

मधुमेहात लक्ष्य ठरलेलं आहे: एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली, साखर फार खाली न जाता जमेल तेवढं. १० टक्क्यांच्या वर असेल तर थांबण्याचा सल्ला ठामपणे द्यायचा. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो, म्हणून आज पथ्य सुरू केलं तरी खाली आलेला आकडा दिसायला तीन महिने जातात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्या. साखर झपाट्याने आटोक्यात आणली की पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो आणि गर्भारपणातही तो वाढतो. मूत्रपिंडांसाठी लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिनही याच वेळी.

आता फोलिक ॲसिड. सर्वसाधारण बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेआधी किमान एक महिना, शक्यतो तीन, आणि नंतर बारा आठवडे पुरे होईपर्यंत. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता, किंवा आईला अथवा वडिलांना स्वतःला तो आहे, अशांना ४ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट किंवा त्याहून थोडं जास्त. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत ४ मिलिग्रॅमने असा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. काही फिट्सची औषधं, मधुमेह, जास्त वजन यांतही मोठा डोस सुचवणाऱ्या मार्गदर्शिका आहेत.

चुका कुठे होतात? हाताशी ५ मिलिग्रॅमची गोळी असते म्हणून सगळ्यांना सरसकट तीच दिली जाते. बी-१२ कमी असलेल्या बाईत एवढं फोलिक ॲसिड रक्तक्षय झाकून टाकतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या किंवा बराच काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाईचं बी-१२ आधी तपासा. उलट टोकाची चूक म्हणजे जास्त फोलिक ॲसिड मिळावं म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या घेणं. त्यातून रेटिनॉल स्वरूपातलं ‘अ’ जीवनसत्त्व दिवसाला १०,००० युनिटच्या पुढे गेलं तर तेच बाळाला बाधतं. ‘सक्रिय’ फोलेट म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांची गरज नाही. मज्जानलिकेचे दोष टाळल्याचा चाचण्यांतला पुरावा साध्या फोलिक ॲसिडचाच आहे. याच्या जोडीला आयोडीन रोज १५० मायक्रोग्रॅम. थायरॉइडचा आजार असेल तर तुमच्या सल्ल्याने.

रक्ततपासण्यांत आमचा सगळ्यात मोठा आग्रह साध्या सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) आहे, फक्त तो नीट वाचण्याचा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली दिसलं की लोह सुरू होतं आणि कागद बाजूला पडतो. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करा. थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकात, एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असतं. लोहाची कमतरता असेल तर ते खाली ओढलं जाऊन रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून लोह भरून काढल्यावर पुन्हा पाहा. बाई वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांपैकी एक शक्यता बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, होण्याची. हे आधी कळलं तर जनुकीय समुपदेशकाकडे जायला अवधी असतो; बाराव्या आठवड्यात कळलं तर दिवस मोजत निर्णय घ्यावा लागतो. बाकीची यादी छोटी: रक्तगट व आरएच, साखर, टीएसएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, रुबेला व कांजिण्यांची प्रतिकारशक्ती. गर्भाशयमुखाची तपासणी राहिली असेल तर ती आणि दातांची कामंही आत्ताच उरकलेली बरी.

१९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी तान्ह्या बाळांच्या मोतीबिंदूचा आणि आईला गर्भारपणात झालेल्या रुबेलाचा संबंध दाखवला. आज हा आजार लसीने टळतो, फक्त लस गर्भारपणात देता येत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या. डोसनंतर एक महिना गर्भधारणा टाळायची. कांजिण्यांचे दोन डोस ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने द्यायचे, म्हणजे एकट्या या लसीला दोन-तीन महिने हवेत. चुकून लस दिल्यावर दिवस राहिले तर ते गर्भपाताचं कारण होत नाही. हे बाईला स्वच्छ शब्दांत सांगा.

आता दुसऱ्या खुर्चीकडे वळू, जी बहुतेक वेळा रिकामी असते. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, शिवाय बाहेर पडण्याआधीचा प्रवास. म्हणजे आजच्या वीर्यात जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीचं आयुष्य दिसतं: तेव्हाचा ताप, तेव्हाची तंबाखू. तंबाखू ओढण्याची असो वा चघळण्याची, दोघांनीही सोडायची. मद्य बाईने पूर्ण बंद करायचं आणि कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. पुरुषाच्या औषधांत टेस्टोस्टेरॉन शोधा. जिममधल्या इंजेक्शनाबद्दल विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतून वृषणांकडे जाणारे हुकूम थांबतात आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येते. बंद केल्यावर ती परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. थकवा आहे, ताकद हवी म्हणून आलेल्या तरुण पुरुषाला तेच इंजेक्शन लिहून दिलेलं आम्ही पाहतो, आणि मूल हवं आहे का हे त्याला कुणीच विचारलेलं नसतं. आतड्याच्या सुजेवरचं सल्फासालाझिनही संख्या घटवतं, पण औषध बदललं की ती भरून येते.

दिवसांबद्दल थोडक्यात. बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढीच संधी. शुक्राणू पाच दिवस तग धरतात, बीज जेमतेम दिवसभर. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंत साधारण १४ दिवस, म्हणून ३५ दिवसांच्या चक्रात बीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटतं. ‘चौदावा दिवस’ सगळ्यांना सांगू नका. सकाळचं तापमान बीज सुटल्यावर चढतं, म्हणजे गाडी गेल्यावरची घंटा. बीज सुटण्याचा अंदाज देणाऱ्या लघवीच्या पट्ट्या पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) फसवतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले की मोजमापाची गरजच उरत नाही. कोरडेपणासाठी वापरायची बरीचशी जेल शुक्राणूंना मंदावतात, तेवढं विचारा.

बाईचं वय चाळिशीच्या आत असलेल्या शंभर जोडप्यांतल्या ऐंशीहून अधिकांना वर्षभरात दिवस राहतात. म्हणून तीन महिन्यांत घाबरून आलेल्यांना धीर द्या. मात्र पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि पस्तिशीनंतर सहा महिने, याच्या पुढे थांबवू नका. पाळी महिनोन्महिने येत नसेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, पुरुषाचं वृषण लहानपणी खाली उतरलं नसेल, कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर एक दिवसही नाही. पाठवताना वीर्यतपासणी आधीच करून पाठवलीत तर बाईच्या नळ्यांची वेदनादायक तपासणी कित्येकदा पुढे ढकलता येते. २ ते ७ दिवसांचा खंड, नमुना शरीराच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत प्रयोगशाळेत. मिलिलिटरला १६ दशलक्ष आणि एकूण हालचाल ४२ टक्के या खालच्या मर्यादा. त्याखालचा आकडा म्हणजे वांझपणाचा शिक्का नव्हे. एक रिपोर्ट कमी आला तर तीन महिन्यांनी पुन्हा, एकही शुक्राणू नसेल तर लगेच.

सोबतच्या चिठ्ठीत आम्हाला पाच गोष्टी हव्यात: शेवटच्या पाळीची तारीख, फोलिक ॲसिड कधीपासून आणि किती, कोणतं औषध कधी बदललं, लसींच्या तारखा, आणि नवऱ्याचं नाव रिपोर्टसह. केसपेपरच्या कोपऱ्यात मावेल एवढा हा मजकूर आहे. तो बाईच्या हातात द्या, फायलीत ठेवू नका.

कळावे,

आपले,
प्रसूतिपूर्व तपासणी विभागातले सहकारी